एका छपराचे अनेक धनी

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, वस्त्यांचीं नांवें नुसतीं ओळीनें वाचलीं तरी तेथील घरांचा अर्धा इतिहास हातीं लागतो. जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, भावसिंगपुरा! मोंगली फौजेबरोबर दक्षिणेंत उतरलेल्या सरदारानें देवडी बांधावी आणि तिच्याभोवतीं त्याचे शिपाई, कारकून व कारागीर यांनीं वसावें, असा हा प्रकार. कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा, तर पदमपुरा त्याचा पुत्र पदमसिंह याचा. पुरा म्हणजे एका धन्याची वस्ती. उस्मानपुऱ्याचें नांवही याच घाटणीचें. परंतु आज तेथें एकाच जिन्यावर अनेक दारें आणि प्रत्येक दारावर निराळ्या मालकाची पाटी दिसते. एका छपराखालीं इतके मालक कसे नांदूं लागले, आणि जुनी देवडी किंवा वाडा दुरुस्त करून त्याचेही असे मजलेवार मालक करतां येतील काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

घराची वांटणी आपल्याकडे जुनीच आहे. वडील निवर्तले कीं हिस्से पडावयाचे. पण ती वांटणी उभी असे. चौकांत भिंत येई, दिवाणखाना एकाकडे जाई, विहीर दुसऱ्याकडे. प्रत्येकाला जमीन मिळे आणि जमिनीवरचें आकाशही मिळे. ही भिंत घालतांना घराची शोभा किती गेली याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. परका माणूस मात्र सहसा आंत येऊं नये अशी काळजी कायद्यानेंही घेतली. ब्रिटिश हिंदुस्थानांतील १८९३ च्या विभाजन कायद्याप्रमाणें कुटुंबाच्या राहत्या घरांतील हिस्सा परक्यानें विकत घेऊन वांटणी मागितली, तर घरच्या हिस्सेदारांस तो योग्य किंमत देऊन परत घेण्याचा हक्क आहे.

आडवी वांटणी ही निराळी गोष्ट. वरच्या मजल्याच्या धन्याला जमीन नाहीं आणि खालच्याला आकाश नाहीं. फ्रान्समधील रेन शहर १७२० सालच्या आगींत जळालें आणि पुन्हां बांधतांना तेथें मजलेवार मालकीची चाल रुजली. नेपोलियनच्या १८०४ च्या दिवाणी संहितेंत या व्यवस्थेसाठीं एक कलमच आहे, आणि तें मोठें व्यवहारी आहे. मुख्य भिंती व छप्पर यांचा खर्च सर्वांनीं आपापल्या मजल्याच्या किंमतीप्रमाणें द्यावा. ज्या जमिनीवर आपण चालतों ती ज्याची त्यानें राखावी. पहिल्या मजल्याच्या धन्यानें आपल्यापर्यंतचा जिना करावा, दुसऱ्यानें तेथून पुढचा. भाऊबंदकीचे खटले ऐकलेल्या माणसाला हें वाचून हंसूं येईल, पण जिन्याची पायरी कोणाची हा वाद कांहीं एकट्या फ्रान्सचा नव्हे. १९३८ सालीं नव्या कायद्यानें हें कलम तेथून गेलें. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतानें १९६१ मध्यें याच कल्पनेला ‘स्ट्राटा’ म्हणजे थरांची मालकी असें नांव देऊन कायदा केला.

महाराष्ट्र या वाटेला सहकाराच्या दारानें आला. श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं मुंबईच्या गांवदेवींत सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. तेथें घर संस्थेचें आणि सभासद तिचा भागीदार. १९६३ च्या मालकी-सदनिका कायद्यानें बिल्डरावर बंधनें घातलीं. आणि १९७० च्या अपार्टमेंट-मालकी कायद्यानें प्रथमच गाळा हीच ज्याची त्याची स्थावर मिळकत ठरली. पाया, खांब, मुख्य भिंती, छप्पर व जिने हे सर्वांचे. त्यांत प्रत्येकाचा ठराविक टक्का. पण हा सामाईक भाग वांटून मागतां येत नाहीं. घोषणापत्र नोंदलें कीं हें सर्व लागू होतें.

आतां हा कायदा सिमेंटच्या इमारतीवर जितका चपखल बसतो तितका लांकूड, वीट आणि चुन्याच्या घरावर बसत नाहीं. सिमेंटची लादी ही दोन घरांमधली स्वच्छ सीमा. जुन्या घरांत एकाच तुळईवर वरच्याची जमीन आणि खालच्याची तक्तपोशी. तुळईचें टोंक भिंतींत पुरलेलें. भिंतीला ओल लागली कीं तें आंतून कुजतें आणि बाहेरून दिसत नाहीं. वरच्या धन्यानें सोईसाठीं न्हाणीघर घातलें तर नासाडी खालच्याची. एकानें आपल्या खोलीला सिमेंटचा गिलावा केला तर चुन्याच्या भिंतीची ओल बाहेर पडावयाची ती अडते आणि शेजारच्या खोलींत फुटते. म्हणून दुरुस्त केलेल्या घराच्या घोषणापत्रांत ‘जमीन’ व ‘छत’ असे मोघम शब्द घालणें ही मोठी चूक होय. तुळया, कडीपाट व चुन्याचा गिलावा हे नांवानिशीं सामाईक लिहिले पाहिजेत, आणि दुरुस्तीचा पैसा गाळे विकण्यापूर्वींच बाजूला पडला पाहिजे. नंतर तो जमत नाहीं.

भाडेकऱ्यांचा प्रश्न आहेच. मुंबई-पुण्याकडे १९४७ च्या कायद्यानें प्रमाणभाडें बहुधा १ सप्टेंबर १९४० च्या दरावर थिजलें. त्या भाड्यांत वाड्याचीं कौलें चाळणेंही मालकाला परवडेना, आणि पुण्याचे कितीतरी वाडे त्यानें खचले. मराठवाड्यांत तो कायदा नव्हता. तेथें हैदराबादचा १९५४ चा कायदा चाले. ३१ मार्च २००० पासून दोहोंच्या जागीं सर्व राज्याला एकच कायदा आला. मात्र बसलेल्या भाडेकऱ्याचें संरक्षण गाळा विकल्यानें संपत नाहीं. नवा मालक त्याच्यासकटच गाळा घेतो.

सर्वांत अवघड वांटणी चौकाची. राहण्याच्या जागेंत तो मोजला जात नाहीं, म्हणून विकणाऱ्याला तो फुकट गेलेला वाटतो. आणि मोटार ठेवण्यास तळमजल्याला देऊन टाकण्याचा मोह होतो. पण उजेड, वारा आणि पावसाच्या पाण्याचा निचरा हीं तिन्ही या चौकांतूनच घराला मिळतात. तेथें पत्रा पडला कीं वरच्या मजल्यावरच्या माणसाला भर दुपारीं दिवा लावावा लागतो, आणि पहिल्या पावसांत तळमजल्याच्या उंबऱ्यावर पाणी येतें.