'वणी' हे नाव 'आर'ला वाचता केव्हा आले?

१/६
वणी, जिल्हा यवतमाळ. युनिकोडमध्ये हे नाव तीन चिन्हांचे: व, ण आणि दीर्घ वेलांटी. परंतु विंडोजवरील 'आर' या संख्याशास्त्रीय प्रणालीत तक्ता छापताना त्याजागी अनेकदा 'यू+०९३५, यू+०९२३, यू+०९४०' असे संकेतांक उमटत.

२/६
'आर'चे मूळ १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या 'एस' भाषेत आहे. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी 'आर' घडवली. तिची १.०.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली.

३/६
अडचण पायात होती. विंडोजवरील 'आर' ज्या जुन्या 'सी' रनटाइमवर उभी होती, तो अक्षरे स्थानिक कोड पेजप्रमाणे वाची. आणि मराठीसाठी विंडोजने तसे कोड पेज दिलेच नव्हते.

४/६
उपाय एकच: कंपायलरचा साधनसंच बदलणे. 'आरटूल्स ४२'मध्ये जीसीसी १० आणि नवा यूसीआरटी रनटाइम आला. जुने व नवे संकलित भाग एकत्र जोडता येत नसल्याने सी, सी++ व फोरट्रानमधील हजारो पॅकेजे पुन्हा संकलित करावी लागली.

५/६
२२ एप्रिल २०२२ रोजी 'आर ४.२.० प्रसिद्ध झाली. अद्ययावत विंडोज १० वर यूटीएफ-८ हीच तिची मूळ अक्षरव्यवस्था ठरली.

६/६
तोवर सोयीचा मार्ग रोमन लिपीचा होता. त्या लिपीत 'वणी' गाव आणि 'वाणी' आडनाव यांतला भेद सहज पुसला जातो. देवनागरीत तो एका कान्याने टिकतो.