मुक्त शिक्षणसाहित्य : अनेक हातांचे काम

शिक्षणसाहित्य विनामूल्य मिळणे आणि ते ‘मुक्त’ असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. फुकट उतरवून घेता येणाऱ्या पुस्तकाचे भाषांतर करण्याची, त्यात फेरफार करण्याची वा ते पुन्हा वाटण्याची मुभा असतेच असे नाही. ही मुभा देणाऱ्या साहित्यासाठी ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा युनेस्कोने २००२ मध्ये पॅरिस येथे भरविलेल्या बैठकीत रूढ झाली. २०१९ मध्ये युनेस्कोने याविषयी शिफारसपत्रही स्वीकारले. मात्र असे साहित्य घडविण्यास स्वयंसेवक लागतात आणि त्यांना टिकवून ठेवणे हेच खरे आव्हान आहे.

आधी परवाना

विनामोबदला केलेल्या श्रमाचे पुढे काय होणार, हे स्वयंसेवकाला प्रारंभीच कळायला हवे. डिसेंबर २००२ पासून उपलब्ध असलेले क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने येथे उपयोगी पडतात. मूळ कर्त्याला श्रेय देणे ही त्यांची प्रमुख अट. काही परवान्यांनुसार सुधारित आवृत्तीही त्याच अटींवर खुली ठेवावी लागते. फेरफारास मनाई करणारा परवाना मात्र सामूहिक कामास निरुपयोगी ठरतो.

एकेक पान

संपूर्ण पुस्तक एकट्याने टंकित करणे कठीण. एक पान तपासणे सोपे. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयाची कार्यपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. स्कॅन केलेले पान व त्याचा मजकूर शेजारी-शेजारी दिसतात. संगणकाने चुकविलेली जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ स्वयंसेवक दुरुस्त करतो. त्याने तपासलेले पान पिवळे होते. दुसऱ्याने पडताळल्यावर हिरवे. दोन्ही कामे एकाच व्यक्तीला करता येत नाहीत. पानाच्या इतिहासात प्रत्येकाच्या योगदानाची नोंद राहते.

या श्रमाचे मोल मोठे आहे. स्कॅनच्या निव्वळ चित्रातील अक्षरे शोधता येत नाहीत, की दृष्टिहीन विद्यार्थ्याचा संगणक ती वाचून दाखवू शकत नाही. तपासलेल्या मजकुराने ही दोन्ही दारे उघडतात.

कायद्याची चौकट

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. हक्क शिल्लक असलेली पुस्तके परवानगीविना घेतल्यास ती काढून टाकावी लागतात आणि स्वयंसेवकांचे श्रम वाया जातात.

नवख्याच्या पहिल्या चुकीवर टीका न करता ती दुरुस्त करून दाखवावी, काम नेमके व मर्यादित द्यावे आणि श्रेय त्याच्या नावावर राहू द्यावे. शिक्षकांनी आठवड्याला एक पान तपासले, तरी एखादे पुस्तक वर्ष-दोन वर्षांत हिरवे होऊ शकते.