लाकूड पोखरणारी, पण न खाणारी मुंगी

वठलेले खोड फोडले की कधी कधी आत मोठ्या मुंग्यांची वसाहत सापडते. खाली भुसा पडलेला असतो. साहजिकच आपण म्हणतो, "मुंग्यांनी झाड खाल्ले!" हा समज शास्त्रीय नावातही डोकावतो. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०२ मध्ये युरोपातील अशा एका मुंगीच्या जातीला 'लिग्निपर्डा', म्हणजे 'लाकडाचा नाश करणारी', असे नाव दिले.

१८६१ मध्ये ऑस्ट्रियाच्या गुस्ताव मायर यांनी 'कॅम्पोनोटस' ही प्रजाती निर्माण केली. या नावाचा अर्थ 'कमानदार पाठीची'. लात्रेय यांचे नाव मुंगीच्या उद्योगावरून आले, तर मायर यांचे शरीररचनेवरून. ओळख पटवायला दुसरेच अधिक उपयोगी ठरले. फाब्रिसियस यांनी १७८७ मध्ये वर्णन केलेला भारतातील काळा मुंगळा याच प्रजातीत बसतो. मात्र तो घर करतो जमिनीत! म्हणजे केवळ राहण्याच्या जागेवरून ओळख ठरवली असती, तर हे नाते आपल्याला कळलेच नसते.

मग ओळखायचे कसे? भिंगातून मुंगीकडे बाजूने पाहावे. पाठीची रेघ खाच न पडता कमानीसारखी वळते. कमरेवर एकच उभट गाठ असते. नांगी नसते; पोटाच्या टोकाला गोल छिद्र आणि त्याभोवती केसांची झालर असते. शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या असतात. वाळवीच्या शृंगिका मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात आणि तिला बारीक कंबर नसते.

घरही साक्ष देते. सुतारमुंगीची दालने स्वच्छ, रंधा मारल्यासारखी गुळगुळीत असतात. वाळवीच्या वाटांत माती असते. वाळवी लाकूड पचवते. सुतारमुंगी ते कोरून बाहेर टाकते आणि माव्याचा गोड स्राव व कीटक यांवर जगते. तिच्या पोटातही जिवाणू असतात. त्यांची जनुके २००३ मध्ये वाचली गेली, तेव्हा ते मुंगीला आवश्यक अमिनो आम्ले पुरवत असावेत असे दिसले. लाकूड पचवणे हे त्यांचे काम नव्हे.

हा फरक व्यवहारातही महत्त्वाचा आहे. सुतारमुंगी बहुधा ओलाव्याने व बुरशीने मऊ झालेले लाकूड निवडते. अशा वेळी नुसते औषध फवारून मुंग्या मरतील, पण लाकूड कुजतच राहील. म्हणून मुलांना वठलेल्या खोडातील मुंगी दाखवताना आधी एक प्रश्न विचारावा : मुंगी आधी आली, की कूज?