जुन्या पायताणांची पारख व जतन

जुन्या वाड्याचें दप्तर उघडतां रुमालांच्या आड कधीं कधीं एखादा जोडाहि हातीं येतो. कागदास जो मान मिळतो तो त्यास मिळत नाहीं. मिळालाच तर घरांतील कोणी वडीलधारें मनुष्य त्यास लागलीच तेल चोळून ठेवतें, आणि तो 'पेशवाईंतला' म्हणून पाहुण्यांस दाखविण्यांत येतो. या दोन्ही रीतींविषयीं आम्हांस येथें कांहीं निवेदन करावयाचें आहे.

प्रथम पारख. आपल्याकडील कातडें परंपरेनें बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यांत मुरवून कमावीत. कमावण्याचें काम ढोरांचें, शिवण्याचें चांभारांचें. कोल्हापुरी वहाणेस मूळच्या रीतींत खिळा नसतो. तळ, टांच, कान व पट्टा हीं सर्व कातड्याच्याच वादीनें शिवलेलीं असतात. (कोल्हापुरी या नांवानें विकल्या जाणाऱ्या वहाणांपैकीं पुष्कळ बेळगांव जिल्ह्यांतील अथणी व निपाणीकडे तयार होतात, हें संग्राहकानें गांवाचें नांव लिहितांना ध्यानांत ठेवावें.) क्रोम धातूच्या क्षारांनीं कातडें कमावण्याची व्यापारी रीत अमेरिकेंत ऑगस्टस शुल्ट्झ यानें १८८४ सालीं पेटंट घेतल्यानंतर रूढ झाली. तेव्हां ज्या जोड्याचें कातडें क्रोमचें आहे तो पेशवाईंतला असणें शक्य नाहीं, मग घराण्याची आख्यायिका कांहींहि सांगो. अशा कातड्याची कापलेली कड पुष्कळदां निळसर-करडी दिसते; सालीच्या कातड्याची कड आंतपर्यंत तांबूस-तपकिरी असते. दुसरी खूण आमच्या वाचकांस शाईवरून सहज पटेल. हिरडा व हिराकस एकत्र आले म्हणजे काळी शाई होते. तोच गुण कातड्यांत असल्यानें, जेथें गंजलेली नाल वा खिळा टेकलेला असेल तेथें सालीच्या कातड्यावर काळा डाग पडतो. असा डाग घासून काढूं नये. तो पुरावा आहे. उलटपक्षीं, कातडें सालीचें ठरलें एवढ्यावरून त्याचें जुनेपण सिद्ध होत नाहीं, कारण ती रीत आजहि चालू आहे.

आतां तेलाविषयीं. रोज पायांत असणाऱ्या वहाणेस एरंडेल लावण्याची चाल शहाणपणाची आहे. तें वाळून कडक होत नाहीं व कातडें मऊ ठेवतें. जवसाचें तेल मात्र हवेनें सुकून कडक पापुद्रा धरतें. परंतु जें पायताण पुन्हा पायांत जावयाचें नाहीं त्यास हा नियम लावणें चूक होय. एके काळीं मोठ्या संग्रहालयांतूनहि असेंच चालत असे. ब्रिटिश म्युझियमचे प्लेंडरलीथ यांनीं १९४६ सालीं चामडी बांधणीच्या ग्रंथांसाठीं लोकरीची चरबी, देवदारवर्गीय तेल व मेण यांचें लेपन प्रसिद्ध केलें व तें जगभर वापरलें गेलें. पुढें असें दिसून आलें कीं, अशा लेपानें कातडें काळवंडतें, चिकट होतें, धूळ धरतें, आणि मुख्य रोग हटत नाहीं. तो रोग म्हणजे कातड्याची तांबडी भुकटी होणें. हवेंतील गंधकाच्या धुरापासून कातड्यांत आम्ल सांचतें व तंतू तुटतात. एकदां झालेली भुकटी पुन्हा कातडें होत नाहीं. बाभळीच्या सालीच्या जातीचा कषाय या रोगास अधिक बळी पडतो, हिरड्याच्या जातीचा कमी. ज्यांच्या संग्रहांत चामडी पुठ्ठ्यांच्या वह्या आहेत त्यांनीं हेंच त्यांसहि लागू समजावें.

मग करावें काय? आमच्या मतें फारच थोडें. मऊ कुंचल्यानें सुटी धूळ काढावी. आकार टिकावा म्हणून आंत आम्लरहित कागद भरावा. वर्तमानपत्र भरूं नये. पावसाळा हाच खरा शत्रू. हवेंतील आर्द्रता शेंकडा ६५ च्या वर टिकली कीं बुरशी येते. ती ५० च्या आसपास राहील अशी खोली निवडावी. बुरशी दिसतांच वहाण उन्हांत टाकण्याची आपली संवय घातक आहे: कातडें आखडतें व शिवण फाटते. सावलींत, वाहत्या हवेंत सुकूं द्यावें.

एक गोष्ट विशेष आग्रहानें सांगतों. तुटलेला पट्टा नव्यानें शिवून घेऊं नये. जुनी डागडुजी, झिजलेली टांच, अंगठ्याचा उमटलेला ठसा हाच त्या वस्तूचा लेख होय. कमावणाऱ्यानें व शिवणाऱ्यानें आपल्या हातची कृति लिहून ठेविली नाहीं, आणि लिहिणाऱ्यांनीं त्यांच्या धंद्याकडे पाहिलें नाहीं. त्यामुळें हा लेख दुसरीकडे मिळावयाचा नाहीं. म्हणून पायताण पेटींत ठेवण्यापूर्वीं तें एखाद्या जाणत्या कारागिरास दाखवावें, टांके व वादी पाहून तो जें सांगेल तें त्याच्याच शब्दांत टिपावें, व त्याच्या संमतीनें त्याचें नांव, गांव व तारीख घालून ती चिठ्ठी सुती दोऱ्यानें जोड्यास बांधावी. टांचणी टोंचूं नये.