खार कपड्याला, उटणं अंगाला : लोणार आणि ‘अल्कलाईन’ आंघोळीची गोष्ट

आजचा विषय आंघोळीचा. हसू नका, यात इतिहास भरपूर आहे, आणि थोडा जिवाशी खेळही आहे.

रील्स बघताना हे तुम्ही ऐकलं असेल : ‘तुमचं शरीर ॲसिडिक झालंय. टबात ही पावडर टाका, तासभर बसा, त्वचेतून ॲसिड बाहेर पडेल, रक्त अल्कलाईन होईल.’ जर्मनीत अशा सोड्याच्या आंघोळीचे बरेच चाहते आहेत. आता हे लोण आपल्याकडेही आलंय. यात तथ्य किती? ते तपासायला जर्मनीला जायला नको. छत्रपती संभाजीनगरहून निघा, जालना मागे टाका, साधारण दीडशे किलोमीटरवर निसर्गानेच एक प्रचंड अल्कलाईन टब भरून ठेवलाय. लोणार सरोवर.

एक उल्का बेसॉल्टच्या खडकावर आदळली आणि जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर तयार झालं. आत पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यात मुख्य म्हणजे धुण्याचा सोडा, खायचा सोडा आणि मीठ. म्हणून या पाण्याचा पीएच १० च्या आसपास जातो.

हे पीएच प्रकरण काय, ते दोन वाक्यांत सांगतो. १९०९ मध्ये सोरेनसेन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी काढली. ७ म्हणजे मधोमध, खाली आम्ल, वर अल्कली म्हणजे आपल्या भाषेत खार. आणि पट्टीवरचं एक पाऊल म्हणजे दहापट फरक, हे विसरायचं नाही.

आता इतिहास. लोकांनी या खाऱ्या पाण्याचं केलं काय? अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडाबद्दल लिहिताना लोणारचा उल्लेख केलाय, आणि तो आंघोळीसाठी नाही. तो सांगतो की इथे काच आणि साबण बनवायचा माल मिळतो. पुढे निजामाच्या आणि इंग्रजांच्या काळातही इथला खार काढून विकला जायचा. उन्हाळ्यात पाणी आटलं की लोक तो गोळा करायचे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रतींना नावं होती. म्हणजे लोणारचा खार गेला धंद्याला.

मग आंघोळ? लोणारला गेलेल्यांना माहीत असेल, विवराच्या काठावर ‘धार’ आहे. गोमुखातून बारा महिने पाणी पडतं, आणि तीर्थ म्हणून मान आहे तो या पाण्याला. ते गोडं पाणी आहे! खाली एवढं मोठं सरोवर पसरलेलं, त्याच्याभोवती लवणासुराची कथा, काठावर कमळजा देवीचं देऊळ, पण स्नानाचं तीर्थ ठरलं ते गोड्या झऱ्याचं. सरोवरात कधी कुणी उतरलंच नाही असं मी म्हणत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्यांनी खारं आणि गोडं पाणी शेजारीशेजारी बघून कशाला काय वापरायचं, ते ठरवलं होतं.

हीच वाटणी आपल्या घरातही दिसते. राख भांड्यांना, सोडा धुण्याला, पापडखार पापडाला. आणि अंगाला? दिवाळीच्या पहाटे आधी तेल, मग उटणं. केसांना शिकेकाई, तिचं पाणी किंचित आम्लधर्मी. चेहऱ्याला डाळीचं पीठ आणि दही, दही तर आंबटच. आजीने पीएच कधी मोजला नसेल, पण धुणं आणि न्हाणं यातला फरक तिला पक्का ठाऊक होता.

खार शरीरावर वापरलाच नाही, असं मात्र नाही. सुश्रुतसंहितेत त्यावर अख्खा अध्याय आहे. वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून गाळायची आणि ते पाणी आटवून खार बनवायचा. सौम्य, मध्यम, तीव्र असे त्याचे तीन प्रकार. तो वापरायचा कशासाठी? मूळव्याधीचे कोंब, चामखीळ असलं काही जाळून काढायला! आणि कातडी भाजली की त्यावर आंबट कांजीसारखे पदार्थ लावायला सांगितलेत. आम्लाने खार शमतो, हे त्या वैद्यांनी टिपून ठेवलं होतं. ज्यांनी खार सर्वांत बारकाईने हाताळला, त्यांच्या लेखी तो जवळपास शस्त्र होता.

आता रक्ताकडे येऊ. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. तो कोण सांभाळतं? दौलताबादचा किल्ला चढून बघा. अंधारी पार करून वर जाईपर्यंत स्नायूंमध्ये आम्ल तयार होतं आणि तुम्हाला धाप लागते. ती धाप म्हणजेच उपचार! जोरात श्वास सोडताना कार्बन डायऑक्साईड बाहेर जातो आणि रक्तातलं आम्ल कमी होतं. बारादरीत पाच-दहा मिनिटं बसलात की गाडी रुळावर. उरलेलं काम मूत्रपिंडं करतात, जादाचं आम्ल लघवीतून बाहेर टाकतात. त्यामुळे पट्टी बुडवून ‘बघा, तुमची लघवी ॲसिडिक आहे’ असं कुणी घाबरवलं, तर घाबरू नका. मूत्रपिंडं आपलं काम करताहेत, एवढाच त्याचा अर्थ.

त्वचा या कामात नाहीच. ती भिंत आहे. बाहेरचं पाणी सहज आत येऊ नये म्हणूनच ती आहे. लोणारच्या पाण्याचा खार रक्ताच्या साधारण चारशेपट. तो खरंच त्वचेतून आत मुरत असता तर तिथे पाय बुडवणंही धोक्याचं ठरलं असतं. शिवाय त्वचा स्वतः आम्लधर्मी असते, पीएच ५ च्या आसपास. १९२८ मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन डॉक्टरांनी याला ‘आम्लाचं आवरण’ असं नाव दिलं. ते टिकलं तर ओलावा टिकतो आणि नको ते जंतू वाढत नाहीत. खाराच्या पाण्यात रोज तासभर बसलं तर आधी हेच आवरण बिघडतं. एक्झिमा असेल तर त्रास आणखी वाढू शकतो.

कोमट पाण्यात चिमूट-दोन चिमूट सोडा घालून कुणाला बरं वाटत असेल, तर वाटू दे. शरीर सैल पडतं, खाज थोडी कमी वाटते. भांडण त्याच्याशी नाही. भांडण आहे ते ‘याने आजार बरा होतो’ या दाव्याशी.

कारण रक्त खरोखर आम्लधर्मी होतं तेव्हा ती इमर्जन्सी असते. मधुमेहात इन्सुलिन चुकलं, मूत्रपिंडं थकली, की हे होऊ शकतं. उलट्या, खोल-खोल श्वास, गुंगी. तिथे टब नाही, हॉस्पिटल लागतं, आणि गेलेला प्रत्येक तास महागात पडतो. अमेरिकेत ‘सगळे आजार ॲसिडमुळे’ असं सांगणारी पुस्तकं लिहिणाऱ्या रॉबर्ट यंगला परवाना नसताना डॉक्टरकी केल्याबद्दल २०१७ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१८ मध्ये त्याच्यावर विसंबलेल्या एका कॅन्सरग्रस्त महिलेला १० कोटी ५० लाख डॉलर भरपाई द्यावी, असा निकाल ज्यूरीने दिला. पैसे ठरले, पण उपचाराची गेलेली वर्षं कुठून आणणार?

तेव्हा पुढच्या सुट्टीत लोणारला जरूर जा. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. पाणी डोळे भरून बघा, त्यात साबण-शाम्पू नेऊ नका. आणि घरात कुणी ‘डिटॉक्स बाथ’च्या भरवशावर इन्सुलिन किंवा डायलिसिस टाळत असेल, तर हा भाग त्यांना आजच पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!