सावलीत फुलं येत नाहीत? देवळालीच्या बागेसाठी हे तीन कंद

देवळाली कॅम्पमधल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात आंबा, चिंच, कडुनिंबाची मोठी झाडं दिसतात. त्यांच्याखाली गुलाब किंवा झेंडू नीट फुलत नाही, कारण त्यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. मग ती जागा मोकळीच राहते. पण सावलीत वाढणारे काही कंद तिथे फुलू शकतात आणि ते दरवर्षी नव्याने लावावे लागत नाहीत.

ट्युलिप का नको?

ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी साधारण १२ ते १६ आठवडे सलग थंडी लागते. नाशिकच्या थंडीत पहाटे पारा १० अंशांखाली जातो, पण दुपारी पुन्हा ऊन तापतं. त्यामुळे ऑनलाइन मागवलेले कंद बहुतेकदा फुलतच नाहीत.

आपल्याकडचे कंद थंडीच्या नव्हे, तर पावसाच्या वेळापत्रकावर चालतात. हिवाळ्यात ते जमिनीखाली झोपतात. काही कंद साठवलेल्या अन्नावर उन्हाळ्यातच फूल काढतात. पावसात आलेली पानं पुढच्या वर्षीचं अन्न साठवतात.

कोणते कंद लावाल?

- भुईचाफा: हळदीच्या कुळातला. पानं नसताना थेट मातीतून पांढरी-जांभळी सुगंधी फुलं येतात. एक फूल दिवसभरच टिकतं, पण नवी येत राहतात.
- मे फ्लॉवर (फुटबॉल लिली): मूळची आफ्रिकेतली. एप्रिल-मेमध्ये लाल चेंडूसारखा फुलोरा येतो. कंद विषारी असतो, त्यामुळे लहान मुलं आणि पाळीव प्राणी यांच्यापासून जपा.
- रानहळद: सह्याद्रीतली. ही पावसाळ्यात फुलते, म्हणजे आधीच्या दोघांचा बहर संपल्यावर.

लागवड कशी करायची?

१. फेब्रुवारी-मार्चमध्ये, कंद झोपेत असतानाच लावा.

२. खोडापासून लांब, मुळं न तोडता छोटे खड्डे घ्या. जागा नसेल तर कुंडी वापरा.

३. काळ्या मातीत पाणी साचतं. तिच्यात वाळू आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा.

४. भुईचाफा आणि रानहळद दोन इंच खोल लावा. मे फ्लॉवरच्या कंदाचं टोक मातीच्या वर राहू द्या.

५. मार्चअखेरीपासून थोडं थोडं पाणी द्या. गळलेली पानं जाळू नका, वाफ्यावर पसरा. ओल टिकते.

पहिल्या वर्षी फूल आलं नाही तरी कंद उपटू नका. नवी जागा धरायला त्याला एखादा हंगाम लागू शकतो.

सगळ्यात मोठी चूक कोणती?

दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात आणि वाफा रिकामा दिसू लागतो. झाड मेलं असं समजून अनेकजण पाणी वाढवतात. झोपलेला कंद त्या ओलीने कुजतो. काहीजण माती उकरून कंदच फेकून देतात. म्हणून पानं सुकू लागली की पाणी कमी करत बंद करा. कंद जिथे आहे तिथे काडी किंवा दगड ठेवून खूण करा.

कंद कुठून आणायचे?

रोपवाटिकेतून घ्या किंवा ओळखीच्या बागेतून मागा. जुन्या गड्ड्याला बाजूने नवे कंद फुटतात, ते वेगळे करून देता येतात. अंजनेरी किंवा त्र्यंबकच्या डोंगरावरून मात्र काहीही उपटून आणू नका. सेरोपेजिया अंजनेरिका या दुर्मीळ कंदवर्गीय वनस्पतीचं नाव अंजनेरीवरूनच पडलं आहे. पानं नसताना कोणता कंद कशाचा, हे सहज ओळखता येत नाही. हौसेपोटी उपटलेला एखादा कंद नेमका दुर्मीळ वनस्पतीचा असू शकतो.