रविवार कुणाचा, गुरुवार कुणाचा?

आम्ही बारामती एमआयडीसीला लागून असलेल्या गावांतल्या बचत गटांच्या बाया. रुई, तांदुळवाडी, कटफळ, वंजारवाडी ही गावं तुमच्या माहितीची आहेत. आमच्यातल्या काहीजणी शेतात जातात, काही कंपनीत, काहीजणींचं शिवणकाम घरीच चालतं. आज आम्ही बोलणार आहोत सुट्टीबद्दल. तुम्ही म्हणाल, बाईमाणसाचा आणि सुट्टीचा काय संबंध? तोच तर विषय आहे.

मागं एका बैठकीत आमच्यातल्या थोरल्या काकी म्हणाल्या, "आमच्या घरात आठवड्याला तीन सुट्ट्या येत्यात, आणि तिन्ही दिवशी माझं काम वाढतंय." सगळ्या हसलो. मग एकेकीनं आपापल्या घरचं सांगायला सुरुवात केली.

काकींच्या मालकांची कंपनी गुरुवारी बंद. नातवंडांची शाळा रविवारी बंद. सून गारमेंटमध्ये, तिची सुट्टी पाळीप्रमाणं बदलते. गुरुवारी मालक घरी, म्हणजे दर तासाला चहा. सुट्टी म्हणून त्यांना मटण हवं, पण घरात गुरुवार पाळतात, म्हणून तो बेत बुधवारी रात्री. त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की मोटार बंद, मिक्सर बंद, आणि खोबरं-लसूण पाट्यावर. रविवारी पोरं म्हणणार, "आज्जी, आज सुट्टी आहे, काहीतरी चांगलं कर." सुनेला सुट्टी मिळाली की आठवड्याचं धुणं, दळण आणि पोरांची दप्तरं निघणार. घराला कुलूप लावून सगळे मिळून कुठं गेलेत, असा वार काकींना आठवेना.

या तक्रारी तशा बारीक आहेत. त्यावरून कुणी मोर्चा काढत नाही. पण ही सुट्टी आली कुठून, ती कुणी मागितली आणि घरापर्यंत का पोचली नाही, ते आम्ही वाचलं, एकमेकींना विचारलं. तेच तुम्हाला सांगतो.

आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी आठवड्याची सुट्टी नव्हती. वार ओळखायचा तो बाजारावरून. बारामतीचा आठवडे बाजार गुरुवारचा. मजुराला आठवड्याचे पैसे मिळायचे ते बाजाराच्या दिवशी. त्या पैशाला 'बाजार' असंच म्हणणारी माणसं अजून गावात आहेत. बाजाराला निघालेली बाई डोक्यावर पाटी घेऊनच निघायची, पण वाटेत शेजारच्या गावची मैत्रीण भेटायची, माहेरचा निरोप कळायचा. कामाच्या निमित्तानं मिळालेली तेवढीच मोकळीक.

दुसरी मोकळीक सणाची. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे मळतात, दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळी. बाईच्या वाट्याला नागपंचमी होती. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. उकडलेली दिंडं खायची, झाडाला झोका बांधायचा, फेर धरायचा, फुगड्या घालायच्या. आम्हाला लहानपणी वाटायचं, नागोबाला विळीचा राग येतो. आता वाटतं, ज्या कुण्या बाईनं हा नियम पहिल्यांदा सांगितला असेल ती हुशार असणार. तवा खाली ठेवायला नुसतं "मी दमले" हे कारण चालत नव्हतं, देवाचं कारण लागायचं.

मग गिरण्या आल्या. मुंबईत १८५० नंतर कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या आणि गावाकडची माणसं तिकडं गेली. काम दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत. यंत्रं बंद ठेवायच्या दिवशीसुद्धा ती पुसायला कामगारांना बोलवत, आणि अर्धा दिवस त्यातच जाई. गिरण्यांत बायाही होत्या. सूत गुंडाळायच्या खात्यात त्या पुष्कळ असत. घरचं उरकून गिरणीत आणि गिरणीतून परत चुलीपुढं, हा त्यांचा दिवस. आपल्याला तो वेगळा समजावून सांगायला नको.

या कामगारांच्या बाजूनं उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचा जन्म १८४८चा. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते. एका गिरणीत भांडारपाल म्हणून नोकरी केल्यानं आतली दशा त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र काढलं होतं. १८८० पासून लोखंडे ते मुंबईतून चालवू लागले. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या अशा: आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून दिवस मावळेपर्यंतच, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामात इजा झाली तर भरपाई.

रविवारच का? सरकार इंग्रजांचं आणि कचेऱ्यांना सुट्टी रविवारी, हे एक. पण रविवार आपल्या खंडोबाचाही वार, म्हणून लोखंड्यांनी तोच मागितला असंही सांगतात. जेजुरी आपल्यापासून काही लांब नाही, त्यामुळं हे आम्हाला लगेच पटलं.

अर्ज केला आणि सुट्टी मिळाली, असं झालं नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा भरली. या सभेत दोन बायकाही बोलल्या. मैत्रिणींनो, १८९० साल आहे. समोर दहा हजार माणसं. आज आपल्याला ग्रामसभेत उठून 'नळाला पाणी येत नाही' एवढं म्हणायचं तरी घशाला कोरड पडते. त्या दोघी उभ्या राहिल्या आणि सुट्टी मागितली. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांचं काम दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास ठरलं. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. भारत सरकारनं २००५ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. त्यात आठवड्याचा पहिला दिवस सुट्टीचा धरला. कंपनीला त्या दिवशी काम हवं असेल तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यायची, आणि काही झालं तरी सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. २०२० च्या नव्या कामगार संहितेतही आठवड्याला सहाच दिवस काम हे तत्त्व ठेवलेलं आहे. कंपनीत जाणाऱ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. सुट्टी कुणाची मेहेरबानी नाही.

मग गुरुवार कुठून आला? राज्यात १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ठिकठिकाणी एमआयडीसी उभ्या राहिल्या. सगळे कारखाने एकदम चालले की वीज पुरेना. म्हणून भागाभागानं सुट्टीचे वार वाटून दिले. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडं गुरुवारची सुट्टी रुळली ती अशी. आपल्याकडंही कुणाची कंपनी गुरुवारी बंद, कुणाची रविवारी, तर कुणाची सुट्टी पाळीप्रमाणं फिरती. एका घरातल्या माणसांचे वार फुटले ते असे. लोखंड्यांनी मागितलेल्या रविवारी गिरणगावातली माणसं एकाच दिवशी घरी असायची. आता सुट्टी सगळ्यांना आहे, पण एकत्र नाही. आणि घरातली बाई सगळ्यांच्या सुट्ट्या सांभाळत बसते.

हे आमचंच रडगाणं नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. कोण दिवसभरात कशाला किती वेळ देतं, ते विचारलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, असं निघालं. म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस, आणि जे लावतात त्यांचा वेळ ९७ मिनिटं. बैठकीत हे आकडे वाचले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "सव्वीस? आमच्या वाडीत कुणी आलंच नव्हतं वाटतं मोजायला."

युरोपच्या उत्तरेला आइसलंड नावाचा एक छोटा देश आहे. १९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं महिला वर्ष होतं. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला आपल्याकडं 'माविम' सुरू झालं. तिकडं त्या वर्षी २४ ऑक्टोबरला देशातल्या शंभरातल्या नव्वद बायकांनी कामावर जायचं नाही आणि घरचंही काही करायचं नाही असं ठरवलं. संप हा शब्द काहीजणींना कडक वाटला, म्हणून त्यांनी नाव दिलं 'महिलांची सुट्टी'. त्या दिवशी बापांना लेकरं कचेरीत न्यावी लागली. दुकानांतलं पटकन शिजणारं खाणं संपून गेलं. पुढच्या वर्षी तिथं समान हक्काचा कायदा झाला आणि पाच वर्षांनी एक बाई देशाची राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आली.

आता आमच्या गटाचं सांगतो, आणि यात चूक आमचीच आहे.

नाबार्डनं १९९२ मध्ये देशात पाचशे गटांपासून बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली. आज 'उमेद'च्या गटांना पंचसूत्री असते, आणि तिचं पहिलं सूत्र म्हणजे दर आठवड्याला बैठक. आम्ही हे सूत्र वर्षानुवर्षं पाठ म्हटलं. पण ही बैठक म्हणजेच आपली आठवड्याची सुट्टी, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. "बैठकीला चालले" म्हटलं की कुणी अडवत नाही. ज्या बाईला मैत्रिणीकडं नुसतं बसायला जाता येत नाही, ती पासबुक हातात घेऊन तासभर बाहेर येते. आईला जसं नागोबाचं कारण होतं, तसं आम्हाला बँकेचं.

आमची बैठक रविवारी तीनला. का, तर रविवारी सगळ्यांना सुट्टी! गैरहजर राहिलं की दहा रुपये दंड. गटातल्या एक वहिनी कंपनीत शिवणकाम करतात, त्यांची सुट्टी फिरती. तीन महिन्यांत त्यांच्या सहा बैठका चुकल्या. साठ रुपये दंड लागला. सातव्या वेळी त्यांनी मुलीच्या हाती पासबुक पाठवलं आणि निरोप दिला, "माझं नाव काढा."

आम्ही घरी गेलो. वहिनी भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कंपनीत खाडा झाला की पगार कापत्यात. तुमच्यात खाडा झाला की दंड. मी बसायचं कधी?"

त्या रात्री आम्ही हजेरीचं रजिस्टर काढलं. वर्षभराचा दंड जवळजवळ सगळा चारच नावांवर होता, आणि चौघीही कंपनीत जाणाऱ्या. नियम सगळ्यांना सारखा होता, पण रविवार सगळ्यांचा नव्हता. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या बैठकीत ठराव लिहिला. चौघींचा दंड माफ. बैठक दर आठवड्यालाच होईल, पण पुढच्या वेळेचा वार सगळ्यांच्या पाळ्या विचारून ठरेल. आणि हिशेब उरकल्यावर अर्धा तास कुणी उठायचं नाही. कर्जाचं बोलायचं नाही, नुसतं बसायचं. ज्या घरापुढं बैठक, त्या घरातल्या पुरुषानं चहा करायचा. या शेवटच्या कलमावर बरीच चर्चा झाली. एका सासूबाईंना ते अजिबात रुचलं नाही, त्यांनी तसं नोंदवायला लावलं.

पहिला चहा काकींच्या मालकांनी केला. साखर कुठं, गाळणं कुठं, म्हणून तीनदा आतून हाका आल्या. काकी उठायला लागल्या की आम्ही त्यांचा पदर धरून खाली बसवायचो. चहा अतिगोड झाला होता. सगळ्यांनी तो पूर्ण प्यायला.

वहिनी आल्या होत्या. त्यांचं पासबुक आमच्याकडंच होतं, ते परत दिलं. त्यानंतरही त्यांची एक बैठक चुकली, आणि दोन घरांतून अजून चहा आलेला नाही. पण नाव काढा असं पुन्हा कुणी म्हटलेलं नाही.

मैत्रिणींनो, एक काम सांगतो. तुमच्या पुढच्या बैठकीत बचत गोळा करायच्या आधी प्रत्येकीला विचारा, तुझी शेवटची सुट्टी कधी झाली? जे उत्तर येईल ते इतिवृत्तात लिहा. "आठवत नाही" आलं तर तेही लिहा. मग आपल्या दंडाच्या पानावर कुणाची नावं आहेत ते बघा. आणि काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. बरं, आता येतो. नमस्कार.